कॅनडाचे तेहतिसावे कलम आणि सोयीचे तत्त्वज्ञान

कॅनडातील आल्बर्टा प्रांताच्या विधानसभेने २८ ऑक्टोबर २०२५ रोजी, मध्यरात्र उलटून गेल्यावर, एक विधेयक संमत केले. प्रांतातील ५१ हजार शिक्षक ६ ऑक्टोबरपासून संपावर होते आणि सात लाखांहून अधिक मुले घरी बसून होती. सरकारने देऊ केलेला करार शिक्षकांनी मतदान घेऊन प्रचंड बहुमताने फेटाळला होता. तोच आता कायद्याच्या बळावर त्यांच्या माथी मारण्यात आला. कामावर न परतणाऱ्या शिक्षकाला दिवसाला ५०० डॉलर आणि त्यांच्या संघटनेला दिवसाला पाच लाख डॉलर दंड ठरला. दुसऱ्या दिवशी शाळा भरल्या. संप मोडून काढणारे कायदे जगात नवे नाहीत, आणि कॅनडात तर मुळीच नाहीत. लक्ष वेधून घेतले ते या कायद्यातील एका घोषणेने. हक्कांच्या सनदेत काहीही म्हटलेले असले, तरी हा कायदा अमलात राहील, असे त्यात स्पष्ट शब्दांत नमूद केले होते. संपाच्या हक्काला सनदेचे संरक्षण आहे, असा निर्वाळा कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१५ मध्येच दिलेला होता. त्यामुळे शिक्षक न्यायालयाच्या पायऱ्या चढण्याआधीच मुख्यमंत्री डॅनिएल स्मिथ यांच्या सरकारने ती वाट बंद करून टाकली.

यानंतर वृत्तपत्रांतून आणि दूरचित्रवाणीवरून जे ऐकू आले ते अपेक्षितच होते. उजव्या विचारांच्या भाष्यकारांनी सांगितले की, शेवटचा शब्द लोकांनी निवडून दिलेल्या विधिमंडळाचा असला पाहिजे, संपाचा हक्क हा न्यायाधीशांनी सनदेत मागाहून घुसडला, आणि मुलांचे शिक्षण कोणत्याही संघटनेपेक्षा मोठे आहे. डाव्या विचारांच्या भाष्यकारांनी सांगितले की, लोकशाहीचा गळा घोटला गेला असून हे कलम घटनेतून कायमचे काढून टाकले पाहिजे. दोन्ही बाजूंचे लेख लेखकाचे नाव झाकून वाचले, तरी ते कोणत्या पक्षाच्या छावणीतून आले हे पहिल्या परिच्छेदातच कळावे! मात्र हीच मंडळी, किंवा त्यांचे वैचारिक पूर्वज, दहा, वीस आणि चाळीस वर्षांपूर्वी काय लिहीत होते हे पाहू लागले की चित्र पालटते.

ज्यांचा सरकारी कागदपत्रांशी रोजचा संबंध येतो, त्यांना 'त्या त्या वेळी अमलात असलेल्या अन्य कोणत्याही कायद्यात काहीही अंतर्भूत असले तरी' ही शब्दावली पाठ असते. सामान्यतः या शब्दांनी एक कायदा दुसऱ्या कायद्यावर मात करतो. कॅनडाच्या घटनेतील ३३ व्या कलमाने मात्र साध्या कायद्याला मूलभूत हक्कांवरच मात करण्याची मुभा दिली आहे. संसदेने किंवा प्रांतिक विधिमंडळाने एखाद्या कायद्यात तशी घोषणा केली की, सनदेचे दुसरे कलम आणि सातव्यापासून पंधराव्यापर्यंतची कलमे त्या कायद्यापुरती निष्प्रभ होतात. धर्म, भाषण व संघटना यांचे स्वातंत्र्य, अटक झालेल्याचे हक्क, कायद्यापुढील समानता, असे बहुतेक सारे त्यांत येते. मतदानाचा हक्क, देशात कोठेही जाऊन राहण्याचा हक्क आणि भाषाविषयक हक्क यांना मात्र हात लावता येत नाही. घोषणेची मुदत पाच वर्षांची असते आणि पाच वर्षांनी ती पुन्हा करता येते. कितीदा, याला मर्यादा नाही. पाच हा आकडा सहज निवडलेला नाही. कोणत्याही विधिमंडळाला पाच वर्षांच्या आत लोकांसमोर जावेच लागते, म्हणून हक्क स्थगित करणाऱ्याला मतदाराचे तोंड पाहिल्याविना ती स्थगिती वाढवता येऊ नये, असा त्यामागचा हिशेब होता. या कलमावर दुसरा कोणताही अंकुश ठेवलेला नाही. जो काही आहे तो लोकमताचा.

आता हे कलम घटनेत आले कसे ते पाहण्यासारखे आहे. १८६७ पासून कॅनडाची घटना म्हणजे ब्रिटिश पार्लमेंटचा एक कायदा होता व त्यात महत्त्वाचा बदल करायचा तर लंडनकडे जावे लागे. पंतप्रधान पियेर ट्रुडो यांना ही घटना मायदेशी आणायची होती आणि तिच्याबरोबर मूलभूत हक्कांची सनदही जोडायची होती. दहापैकी आठ प्रांतांचा त्यांच्या योजनेला विरोध होता. नोव्हेंबर १९८१ मध्ये ओटावा येथे परिषद भरली आणि मोडण्याच्या बेतात आली. तेव्हा ४ नोव्हेंबरच्या रात्री केंद्राचे न्यायमंत्री ज्याँ क्रेत्येन, सस्कॅचेवानचे रॉय रोमॅनो आणि ऑन्टारिओचे रॉय मॅकमर्ट्री या तिघांच्या खलबतांतून तडजोड निघाली. परिषदगृहातील एका स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात हे बोलणे झाले, म्हणून तिला 'स्वयंपाकघरातला समझोता' असेच नाव पडले. तिघे तीन पक्षांचे होते: एक लिबरल, एक न्यू डेमोक्रॅट आणि एक प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्ह. क्वेबेकचे मुख्यमंत्री रेने लेवेक त्या रात्री नदीपलीकडे हल येथे झोपले होते. त्यांना सकाळी उठल्यावर हे कळले. क्वेबेकने त्या घटनेला आजवर संमती दिलेली नाही. तडजोडीचा गाभा हाच की प्रांतांनी सनद स्वीकारावी, आणि ट्रुडो यांनी त्याबदल्यात ३३ वे कलम गिळावे. ते गिळताना पाच वर्षांच्या मुदतीची अट त्यांनी आग्रहाने घालून घेतली. १७ एप्रिल १९८२ रोजी राणी एलिझाबेथ यांनी ओटावा येथे नव्या घटनेवर सही केली.

हे कलम कोणाला हवे होते? आज डाव्यांचा त्यावरील रोष पाहता उत्तर चमत्कारिक वाटेल. मॅनिटोबाचे स्टर्लिंग लायन आणि आल्बर्टाचे पीटर लॉहीड हे कॉन्झर्व्हेटिव्ह मुख्यमंत्री त्याच्या बाजूने होते हे खरे. पण तितक्याच आग्रहाने ते मागणारे तिसरे गृहस्थ होते सस्कॅचेवानचे ॲलन ब्लेकनी, आणि ते समाजवादी परंपरेतील न्यू डेमोक्रॅटिक पक्षाचे नेते होते. १९६२ साली सस्कॅचेवानने सार्वजनिक आरोग्य विम्याची योजना आणली आणि डॉक्टरांनी तिच्याविरुद्ध संप पुकारला, तेव्हा ब्लेकनी त्या मंत्रिमंडळात होते. पुढे त्यांच्याच सरकारने तेलाच्या नफ्यावर बसवलेला कर सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये घटनाबाह्य ठरवला. तो वाद केंद्र आणि प्रांत यांच्या अधिकारांचा होता, हक्कांचा नव्हता, हे मान्य. परंतु न्यायासनावर बसणारी माणसे कोणत्या वर्गातून येतात याची जाणीव ब्लेकनी यांच्या पिढीतील समाजवाद्यांना सतत होती. पाव भाजणाऱ्या कामगारांचे तास मर्यादित करणारा न्यूयॉर्कचा कायदा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९०५ साली कराराच्या स्वातंत्र्याच्या नावाखाली रद्द केला होता. हक्कांची भाषा ज्याच्याजवळ वकील आहे त्याच्याच उपयोगी पडते, ही भीती त्यामागे होती, आणि ती निराधार नव्हती.

भारतीय वाचकाला हा युक्तिवाद परका वाटू नये. १९५१ साली पहिल्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेला नववे परिशिष्ट जोडले गेले, ते याच भीतीपोटी. जमीनदारी नष्ट करणारे कायदे मूलभूत हक्कांच्या आधारे न्यायालयांत अडकू नयेत म्हणून ते या परिशिष्टाच्या तटबंदीआड ठेवण्यात आले. पहिल्या तेरा कायद्यांच्या यादीत दुसऱ्याच क्रमांकावर १९४८ चा मुंबईचा कुळवहिवाट व शेतजमीन कायदा आहे. ज्या कुळांना त्या कायद्याने जमिनी मिळाल्या, त्यांच्या नातवंडांना नवव्या परिशिष्टाचा राग येण्याचे कारण नाही. परंतु तटबंदी एकदा उभी राहिली म्हणजे तिच्या आत कोण शिरेल हे बांधणाऱ्याच्या हाती राहत नाही. १९७५ साली, आणीबाणीत, याच परिशिष्टात 'मिसा' जाऊन बसला आणि पुढच्या वर्षी आक्षेपार्ह मजकुराच्या प्रसिद्धीस बंदी करणारा कायदाही त्याच्या शेजारी आला. कुळांसाठी बांधलेल्या आडोशाला विनाचौकशी तुरुंगात टाकण्याची सोय करून घेतली गेली. जनता राजवटीने ४४ व्या दुरुस्तीने ती दोन्ही नावे काढून टाकली. नंतर, २००७ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, २४ एप्रिल १९७३ नंतर या परिशिष्टात घातलेले कायदे घटनेच्या मूलभूत चौकटीच्या कसोटीतून सुटणार नाहीत. कॅनडात अशी कसोटी विकसित झालेली नाही. तेथे सारी भिस्त लोकमतावर आहे.

या भिस्तीची पहिली परीक्षा क्वेबेकमध्ये झाली. लेवेक यांच्या सरकारने जून १९८२ मध्ये निषेधादाखल प्रांतातील सर्वच्या सर्व कायद्यांना ३३ व्या कलमाचे ठिगळ लावले. तो राजकीय त्रागा होता. खरा प्रसंग आला १९८८ मध्ये. मॉन्ट्रियलजवळच्या एका लोकरीच्या दुकानावर 'लेन' आणि 'वूल' अशी फ्रेंच व इंग्रजी या दोन्ही भाषांत पाटी होती, आणि क्वेबेकच्या भाषाविषयक कायद्याला केवळ फ्रेंच पाटी मान्य होती. दुकानांच्या पाट्या कोणत्या भाषेत असाव्यात हा वाद मुंबई-पुण्याच्या वाचकाला समजावून सांगावयास नको. डिसेंबर १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फ्रेंचची सक्ती योग्य, पण इतर भाषांना बंदी अयोग्य, असा निर्णय दिला. हा खटला फोर्ड या नावाने प्रसिद्ध आहे. पुढे ज्यांचा उल्लेख येणार आहे त्या ऑन्टारिओच्या फोर्ड यांचा त्याच्याशी काही संबंध नाही. मुख्यमंत्री रोबेर बुरासा यांनी आठवडाभरातच ३३ व्या कलमाचा आधार घेऊन बाहेरच्या पाट्यांपुरती बंदी पुन्हा जारी केली. त्यांच्या मंत्रिमंडळातील तीन इंग्रजी भाषक मंत्र्यांनी राजीनामे दिले. क्वेबेकला घटनेच्या घरात परत आणण्यासाठी झालेला मीच लेकचा करार याच प्रकरणाने डळमळला आणि १९९० मध्ये कोसळला. हे कलम असेल तर सनदेला कागदाइतकीही किंमत नाही, अशा आशयाचे उद्गार त्या वेळच्या पंतप्रधानांनी लोकसभेत काढले. हे पंतप्रधान म्हणजे ब्रायन मल्रोनी, आणि ते कॉन्झर्व्हेटिव्ह होते, ही गोष्ट आजच्या कॉन्झर्व्हेटिव्ह भाष्यकारांच्या लेखांत सहसा आढळत नाही.

फोर्ड खटल्यातच न्यायालयाने आणखी एक गोष्ट सांगितली, आणि तिचे परिणाम पाटीच्या वादाहून दूरगामी ठरले. घोषणा स्पष्ट शब्दांत असली म्हणजे पुरे. ती का केली हे न्यायालय विचारणार नाही. तिच्यापूर्वी न्यायालयाचा निकाल लागलेला असला पाहिजे, अशीही अट नाही. म्हणजे हक्काचा भंग झाला की नाही हे कोणी ठरवण्याआधीच सरकारने पळवाट तयार ठेवावी आणि न्यायालयाने मुकाट्याने बाजूला व्हावे! कलम घडवणाऱ्यांची समजूत अशी दिसत नाही. न्यायालयाने एक म्हणावे, विधिमंडळाने त्याचा विचार करावा, आणि तरीही मतभेद उरला तर उघडपणे, लोकांसमोर जबाबदारी घेऊन, तो नोंदवावा, हा मूळचा भाव. खुद्द लॉहीड यांनी निवृत्तीनंतर या आगाऊ वापराला विरोध केला होता. सप्टेंबर २०१८ मध्ये डग फोर्ड यांच्या ऑन्टारिओ सरकारने टोरांटो महापालिकेच्या जागा ४७ वरून २५ वर आणण्यासाठी या कलमाची धमकी दिली, तेव्हा स्वयंपाकघरातील त्या तिघांनी, क्रेत्येन, रोमॅनो आणि मॅकमर्ट्री यांनी, एकत्र पत्रक काढून तिचा निषेध केला. वरिष्ठ न्यायालयाने आधीच्या निकालाला स्थगिती दिल्यामुळे त्या वेळी कलम वापरावे लागले नाही. तिघांचे पत्रक मात्र दोनच दिवसांत विस्मृतीत गेले.

क्वेबेकचा २०१९ चा धर्मनिरपेक्षतेचा कायदा हे आगाऊ वापराचे सर्वांत ठळक उदाहरण. पोलीस, सरकारी वकील आणि सार्वजनिक शाळांतील शिक्षक यांना कामावर असताना धार्मिक चिन्ह धारण करण्यास त्याने मनाई केली. पगडी, हिजाब, किप्पा, गळ्यातला क्रूस, सारे त्यात आले. आधीपासून नोकरीत असलेल्यांना त्याच पदावर असेतोवर सूट आहे. पदोन्नती किंवा बदली स्वीकारली की सूट संपली. डिसेंबर २०२१ मध्ये एका गावातील प्राथमिक शिक्षिकेला हिजाबामुळे वर्गावरून काढून दुसऱ्या कामावर पाठवण्यात आले, तेव्हा इंग्रजी भाषक कॅनडाला प्रथमच या कायद्याचा चेहरा दिसला. क्वेबेकमधील राष्ट्रवादी भाष्यकारांची भूमिका निदान सुसंगत आहे: जी घटना आम्ही मान्यच केली नाही तिच्या न्यायाधीशांनी आम्हाला धर्मनिरपेक्षता शिकवू नये, असे ते म्हणतात. ती पटो वा न पटो, ती काल एक आणि आज दुसरी नाही. प्रश्न पडतो तो उरलेल्या देशातील पंडितांबद्दल. धर्मस्वातंत्र्याचे नाव निघताच ज्यांची लेखणी सरसावते, ते उजवे भाष्यकार या बाबतीत प्रांतांच्या स्वायत्ततेवर प्रवचन देऊ लागले. अल्पसंख्याकांचे कैवारी म्हणवणाऱ्या लिबरलांना क्वेबेकच्या ७८ जागा दिसू लागल्या, आणि त्यांचा आक्षेप वर्षानुवर्षे नापसंतीच्या मवाळ शब्दांपलीकडे गेला नाही. न्यू डेमोक्रॅटिक पक्षाचे त्या वेळचे नेते जगमीत सिंग स्वतः पगडी बांधत. क्वेबेकच्या सरकारी शाळेत त्यांना शिक्षक म्हणून नव्याने नोकरी मिळाली नसती. २०१९ च्या निवडणुकीत त्यांचाही सूर सुरुवातीला हस्तक्षेप न करण्याचाच होता.

कोलांटउड्यांचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. १९८० च्या दशकात सनदेवर सर्वांत कडवी टीका डाव्या विद्वानांनी केली. मायकेल मँडेल यांनी १९८९ मध्ये एक सबंध ग्रंथ लिहून दाखवले की, सनदेमुळे राजकारण न्यायालयांत जाऊन बसते आणि त्याचा लाभ सबळांना होतो. कामगार संघटनांनाही त्या वेळी सनदेचे प्रेम नव्हते, कारण १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संपाचा हक्क सनदेत नाही असे ओळीने तीन निकालांत सांगितले होते. त्याआधी १९८६ साली सस्कॅचेवानच्या कॉन्झर्व्हेटिव्ह सरकारने सरकारी नोकरांचा संप मोडणाऱ्या कायद्याला ३३ व्या कलमाचे चिलखत चढवले होते. न्यायालयाच्या निकालानंतर ते चिलखत अनावश्यकच होते असे ठरले. २०१५ मध्ये न्यायालयाने मत बदलले, संपाचा हक्क मान्य केला, आणि त्याबरोबर डाव्यांचे सनदेविषयीचे मतही बदलले. ब्लेकनी यांची शंका आज त्यांच्याच पक्षाच्या बैठकीत कोणी बोलून दाखवली, तर त्याला उजव्यांचा हस्तक समजले जाईल.

उजव्यांची गोष्ट याच्या उलट आणि म्हणूनच अगदी सारखी आहे. कॅलगरीचे दोन प्राध्यापक, मॉर्टन आणि नॉफ, यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात न्यायालयांच्या आश्रयाने आपला कार्यक्रम राबवणाऱ्या हितसंबंधी गटांवर हल्ला चढवला आणि पुढची वीस वर्षे उजव्या स्तंभलेखकांना तो दारूगोळा पुरला. सनद म्हणजे न्यायाधीशांची हुकूमशाही, हा त्यांचा सिद्धांत. मग फेब्रुवारी २०२२ आला. लस-सक्तीविरुद्ध ट्रकचालकांनी ओटावा शहर अडवून धरले आणि जस्टिन ट्रुडो यांच्या सरकारने १४ फेब्रुवारीला आणीबाणीविषयक कायदा लागू केला. काही निदर्शकांची बँकखाती गोठवली गेली. त्या दिवसापासून सनद उजव्यांच्या तोंडी आली. जानेवारी २०२४ मध्ये फेडरल न्यायालयाने आणीबाणी लावणे गैरवाजवी होते व सनदेचा भंग झाला असा निकाल दिला, तेव्हा न्यायाधीशांच्या निर्भयतेचे गोडवे ज्यांनी गायले त्यांतील कित्येकांनी आयुष्यभर न्यायाधीशांना शिव्या घातल्या होत्या. दुसऱ्या बाजूला, नागरी स्वातंत्र्याच्या प्रत्येक सभेत व्यासपीठावर बसणारे अनेक डावे भाष्यकार ट्रकवाल्यांची खाती गोठली तेव्हा त्यात गैर काय, असे विचारीत होते. ओटावाचे रहिवासी आठवडेच्या आठवडे भोंग्यांनी बेजार झाले होते हे विसरता येणार नाही. पण हक्कांची किंमत नावडत्या माणसाच्या बाबतीतच मोजावी लागते. पुढे, एप्रिल २०२५ च्या निवडणूक प्रचारात, ट्रकचालकांच्या स्वातंत्र्याचे पुरस्कर्ते असलेले कॉन्झर्व्हेटिव्ह नेते पियेर पॉलिएव्ह यांनी अनेक खून करणाऱ्यांच्या शिक्षा एकामागून एक भोगवण्यासाठी ३३ वे कलम वापरण्याचे आश्वासन दिले. केंद्रात तोवर ते एकदाही वापरले गेलेले नव्हते. ते निवडणूक हरले, परंतु त्यांच्या स्वतःच्या बाजूच्या लेखकांपैकी फार थोड्यांना या दोन भूमिकांत विसंगती दिसली.

भाष्यकारांनी पक्ष बदलला काय आणि तत्त्व बदलले काय, सामान्य माणसाला त्याचे सोयरसुतक का असावे, असे कोणी म्हणेल. उत्तर या कलमाच्या रचनेतच आहे. न्यायालयाला बाजूला सारल्यावर पहारा करणारे एकटे लोकमत उरते, आणि लोकमत ज्यांच्या लिहिण्या-बोलण्यातून घडते त्यांनीच गुन्हा कोणाचा हे पाहून मग गुन्हा आहे की नाही ते ठरवायचे म्हटले, तर पहारेकरी अर्धाच जागा राहतो. तो पूर्ण जागा असला म्हणजे काय होते याची दोन उदाहरणे आहेत. पहिले खुद्द आल्बर्टातले. १९२८ च्या कायद्याखाली या प्रांताने मनोदुर्बल ठरवलेल्या सुमारे २८०० लोकांची सक्तीने नसबंदी केली. तो कायदा १९७२ पर्यंत टिकला. पीडितांच्या भरपाईला मर्यादा घालणारे विधेयक मुख्यमंत्री राल्फ क्लाइन यांच्या सरकारने मार्च १९९८ मध्ये ३३ व्या कलमासह आणले. क्लाइन यांचा पक्ष वर्षभरापूर्वीच भरघोस बहुमताने निवडून आला होता. तरी असा गहजब उडाला की एका दिवसात विधेयक मागे घ्यावे लागले.

दुसरे उदाहरण ऑन्टारिओचे. नोव्हेंबर २०२२ मध्ये फोर्ड सरकारने शाळांतील ५५ हजार कर्मचाऱ्यांवर कायद्याने करार लादला व संपास बंदी केली. हे शिक्षकही नव्हते. वर्गातील मदतनीस, कार्यालयातील कारकून, साफसफाई करणारे, ग्रंथालय सांभाळणारे, असे शाळेतील सर्वांत कमी पगाराचे लोक होते. संप करणाऱ्याला दिवसाला चार हजार डॉलरपर्यंत दंड होता, म्हणजे अनेकांचा महिन्याभराचा पगार. ४ नोव्हेंबरला ते तरीही बाहेर पडले. आणि मग एक अनपेक्षित गोष्ट घडली: काही महिन्यांपूर्वीच्या निवडणुकीत फोर्ड यांना पाठिंबा देणाऱ्या बांधकाम कामगारांच्या संघटनाही विरोधात उभ्या राहिल्या. आज कारकुनाचा हक्क गेला तर उद्या गवंड्याचा जाईल, एवढा साधा हिशेब त्यांनी केला. ७ नोव्हेंबरला फोर्ड यांनी कायदा मागे घेण्याचे जाहीर केले, आणि आठवड्याभराने तो जणू कधी झालाच नव्हता अशा शब्दांत रद्द करण्यात आला.

आल्बर्टात २०२५ मध्ये हे घडले नाही. कामगार संघटनांनी सार्वत्रिक संपाची भाषा केली, पण तो झाला नाही. सत्ताधारी आमदारांना परत बोलावण्यासाठी सह्यांच्या मोहिमा निघाल्या, आणि त्यांचाही रंग एकाच पक्षाचा राहिला. स्मिथ यांना मते देणाऱ्यांतून कोणी मोठा गट उठून असे म्हणाला नाही की, संप चूक असेल, शिक्षकांच्या मागण्या अवास्तव असतील, तरी न्यायालयाला बोलू देण्यात सरकारला भीती कसली? डिसेंबरमध्ये त्याच विधानसभेने पारलिंगी व्यक्तींविषयीच्या तीन कायद्यांना हेच कलम जोडले. तीन वर्षांत सस्कॅचेवान, क्वेबेक, आल्बर्टा असा या कलमाचा संचार झाला आहे. जे अस्त्र शेवटचा उपाय म्हणून म्यानात ठेवायचे होते ते रोजच्या वापरातील विळी होऊन बसले आहे.

न्यायालये स्वस्थ बसलेली नाहीत. ऑगस्ट २०२५ मध्ये सस्कॅचेवानच्या अपील न्यायालयाने सांगितले की, कलम वापरले गेले तरी हक्काचा भंग होतो की नाही हे जाहीर करण्याचा अधिकार न्यायालयाला उरतो. कायदा चालू राहील, पण लोकांना खरे काय ते कळेल. ब्लेकनी किंवा लॉहीड यांच्या मूळ कल्पनेशी हे अधिक जुळते, आणि या वादात आजवर सुचलेला हाच सर्वांत समंजस मार्ग आहे. क्वेबेकच्या कायद्याविरुद्धचे अपील सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये दाखल करून घेतले. त्यात केंद्र सरकारने सप्टेंबर २०२५ मध्ये मांडलेले म्हणणे असे की, हे कलम पुनःपुन्हा वापरून एखादा हक्क कायमचा पुसून टाकणे म्हणजे मागल्या दाराने घटना बदलणे होय. या युक्तिवादाची जात भारतीय वाचकाला ओळखीची वाटेल. अनेक प्रांतिक सरकारांना तो मुळीच रुचला नाही.

क्वेबेकच्या विधिमंडळाने धर्मनिरपेक्षतेच्या कायद्याची पाच वर्षांची घोषणा मे २०२४ मध्ये नव्याने केली. मधल्या काळात, २०२२ साली, निवडणूक झाली होती आणि सत्ताधारी पक्ष पूर्वीपेक्षा मोठ्या बहुमताने परतला होता. आल्बर्टाच्या शिक्षकांची स्थिती याहून विचित्र आहे. त्यांच्यावर लादलेला करार ३१ ऑगस्ट २०२८ पर्यंतचा आहे. सनदेने दिलेली पाच वर्षांची मुदत २०३० मध्ये भरेल. त्या दिवशी फेरविचार करायला करारच शिल्लक नसेल.